मॅरेथॉनचा रस्ता आणि धावणारा जासूद



वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत धावण्याच्या शर्यतींवर व्याख्यान आहे हे वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर तत्त्वज्ञानावर बोलणारे येतात, अर्थकारणावर बोलणारे येतात, साहित्यावर तर येतातच येतात. शर्यतीबद्दल तासभर बोलण्यासारखे असते काय? एक जण पुढे, बाकीचे मागे, संपली शर्यत! परंतु मी आज ज्या शर्यतीविषयी बोलणार आहे तिचे नाव आपल्या भाषेत इतके रुळले आहे की, लांबलेल्या सभेला आपण मॅरेथॉन सभा म्हणतो आणि लांबलेल्या भाषणाला मॅरेथॉन भाषण. अध्यक्षांनी मघाशी घड्याळाकडे पाहिले ते माझ्या ध्यानात आले आहे. तेव्हा शब्दाचा अर्थ मी सांगेन, पण तो कृतीने सिद्ध करून दाखवणार नाही!

प्रथम भूगोल पाहू. भूमध्य समुद्राचा एक फाटा ग्रीसच्या पूर्वेला आत शिरलेला आहे, त्याला एजियन समुद्र म्हणतात. त्याच्या काठी मॅरेथॉन नावाचे एक सपाट मैदान आहे. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना डोंगर. मैदान आणि अथेन्स शहर यांच्यामध्ये पेंटेलीचा डोंगर आडवा पडला आहे. त्याच डोंगराच्या संगमरवराने अथेन्सची जगप्रसिद्ध मंदिरे बांधली. मॅरेथॉनहून अथेन्सला जायला दोन वाटा. एक डोंगरातून, जवळची पण चढाची. दुसरी समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाऊन मग डोंगराला वळसा घालणारी, लांबची पण सोयीची. ही दुसरी वाट सुमारे चाळीस किलोमीटरांची आहे, आणि आजची शर्यत तिच्यावरूनच धावतात.

आता कथा. ती आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. इसवी सनापूर्वी ४९० साली इराणचा बादशहा दरायस याचे सैन्य मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरले. अथेन्सच्या मूठभर नागरिकांनी त्याचा पराभव केला. फिडिपिडीस नावाचा एक शिपाई विजयाची वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावत गेला, नगरवासीयांना ती सांगितली आणि जागच्या जागी कोसळून मेला. क्रमिक पुस्तकात या धड्याखाली हटकून प्रश्न असे : ‘फिडिपिडीसच्या अंगचे गुण सांगा.’

कथा सुंदर आहे, यात शंका नाही. अडचण एवढीच की, जो इतिहासकार या युद्धाला सर्वांत जवळचा, त्याने ती सांगितलेली नाही. हिरोडोटसने आपला ग्रंथ लढाईनंतर सुमारे अर्ध्या शतकाने लिहिला. लढाईत भाग घेतलेली किंवा ती बापाच्या तोंडून ऐकलेली माणसे तेव्हा हयात होती. हिरोडोटसला गोष्टी सांगण्याची हौस दांडगी होती. असली गोष्ट कानांवर आली असती तर तो ती सोडता ना! त्याच्या ग्रंथात धावणारा आहे, परंतु त्याची धाव निराळी, दिशा निराळी आणि शेवटही निराळा.

हिरोडोटस सांगतो ते असे. इराणी सैन्य उतरल्याची बातमी येताच अथेन्सच्या सेनापतींनी स्पार्टाकडे मदत मागायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी एक जासूद पाठवला. धावणे हा त्याचा पेशाच होता. दिवसभर धावणारा, अशा अर्थाचे नाव ग्रीक भाषेत या पेशाला होते. आपल्याकडे मराठेशाहीत टपालाची थैली घेऊन मुक्काम दरमुक्काम जाणारे जासूद असत, त्यांच्यासारखाच हा. त्याचे नाव काही हस्तलिखितांत फिडिपिडीस आहे, काहींत फिलिपिडीस. अथेन्स ते स्पार्टा हे अंतर जवळजवळ अडीचशे किलोमीटर. आधी समुद्राच्या काठाने कॉरिंथच्या चिंचोळ्या भूमीपर्यंत, मग द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, मग पार्थेनियन नावाचा डोंगर, आणि त्यापलीकडे तेगेआच्या पठारावरून स्पार्टा. हा गृहस्थ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्पार्टात हजर झाला!

तेथे त्याला काय मिळाले? नकार. स्पार्टाचे लोक म्हणाले, मदत जरूर करू, परंतु चंद्र पूर्ण झाल्याखेरीज सैन्य बाहेर काढायचे नाही असा आमचा धर्मनियम आहे. त्या दिवशी महिन्याची नवमी होती. शत्रू दाराशी उभा आहे, आणि मित्र पौर्णिमेची वाट पाहतो आहे! ते सैन्य शेवटी आले, दोन हजारांचे आले, तीन दिवसांत मजल मारून आले. पण लढाई होऊन गेल्यावर. त्यांनी रणभूमी पाहिली, अथेन्सची तारीफ केली आणि ते परत गेले.

या नकाराबरोबर हिरोडोटस आणखी एक गोष्ट नोंदवतो. पार्थेनियनच्या डोंगरावर, तेगेआच्या वरच्या बाजूला, या जासुदाला पॅन नावाच्या देवाने नाव घेऊन हाक मारली. पॅन हा गुराख्यांचा, रानावनांचा देव. तो म्हणाला, मी अथेन्सच्या लोकांचे भले चिंतीत असतो, पूर्वी पुष्कळदा त्यांच्या कामी आलो आणि पुढेही येईन, मग ते माझी आठवण का ठेवीत नाहीत? दिवसरात्र धावून थकलेल्या माणसाला डोंगरात हाक ऐकू आली, तिची मीमांसा डॉक्टर लोक आपल्या परीने करतील. मला महत्त्व वाटते ते पुढच्या गोष्टीचे. जासुदाने परत येऊन हे सांगितले, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. संकट टळल्यावर त्यांनी अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीखाली पॅनचे स्थान केले आणि त्याच्या प्रीत्यर्थ दरवर्षी एक शर्यत सुरू केली. ती हातात पेटती दिवटी घेऊन धावण्याची शर्यत होती. म्हणजे या धावेच्या आठवणीखातर सुरू झालेली पहिली शर्यत आजची मॅरेथॉन नव्हे, ती दिवटीची शर्यत होय. ही गोष्ट मंडळींनी ध्यानात ठेवावी.

आणि मॅरेथॉनहून अथेन्सपर्यंतची धाव? ती झाली, पण एका माणसाची नाही, साऱ्या सैन्याची. लढाईत इराणचे ६,४०० आणि अथेन्सचे १९२ लोक पडले असे हिरोडोटस सांगतो. उरलेले इराणी आपल्या जहाजांत चढले आणि सुनियनच्या भूशिराला वळसा घालून अथेन्सच्या रोखाने निघाले, कारण शहरात लढणारा पुरुष उरला नव्हता. ते ओळखून अथेन्सचे नागरिक, लढून दमलेले, रक्ताने माखलेले, जितक्या वेगाने पाय नेतील तितक्या वेगाने शहराकडे परतले. जहाजे बंदरापाशी येऊन पाहतात तो हेच लोक समोर उभे! जहाजे आल्या वाटेने फिरली.

मग विजयवार्ता सांगून मरणारा शिपाई आला कोठून? तो ठळकपणे दिसतो तो सुमारे सहाशे वर्षांनी. प्लुटार्क ही गोष्ट सांगतो, परंतु त्याच्या शिपायाची नावेच वेगळी आहेत. कोणी थर्सिपस म्हणतात, बहुतेक यूक्लीस म्हणतात, असे तो लिहितो. पुढे लुशियनने स्पार्टाच्या जासुदाचे नाव या मरणाऱ्या शिपायाला जोडून टाकले. आणि १८७९ साली रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने दोन्ही कथा एका कवितेत ओवल्या. स्पार्टाला जाऊन आलेला तोच, लढलेला तोच, आणि अथेन्सला धावत जाऊन मेलेला तोच. जगाने ही आवृत्ती उचलली.

येथे क्षणभर थांबून विचारावेसे वाटते की, जगाने हीच का उचलली? मला वाटते, मरणारा माणूस कथेच्या फार सोयीचा असतो. त्याचे काम एका वाक्यात संपते. जो अडीचशे किलोमीटर जातो, नकार ऐकतो, तो नकार पदरात घेऊन तितकेच अंतर परत येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो, त्याचे काव्य होणे कठीण. पुतळा तर त्याहून कठीण. परंतु राष्ट्राचा संसार चालतो तो कोणाच्या पायांवर? हा प्रश्न मनात ठेवून या रस्त्याचा पुढचा इतिहास पाहू.

१८९४ साली पॅरिसला ऑलिंपिक सामन्यांच्या पुनरुज्जीवनाची परिषद भरली. बॅरन कुबर्टिन तिचे प्रवर्तक. त्यांचे एक स्नेही मिशेल ब्रेआल हे मोठे भाषापंडित होते. बर्लिनला जाऊन ते संस्कृत शिकले होते, आणि बॉप या पंडिताचे तौलनिक व्याकरण त्यांनीच फ्रेंचमध्ये आणले. शब्दार्थशास्त्राला फ्रेंच भाषेत नाव दिले तेही त्यांनीच. या व्याकरणकाराने सुचवले की, मॅरेथॉन ते अथेन्स अशी एक शर्यत ठेवावी. जिंकणाऱ्याला चांदीचा पेला मी देतो. अंगमेहनतीच्या जगातली ही सर्वांत कठीण परीक्षा एका पुस्तकपंडिताच्या डोक्यातून निघाली, हे ऐकून येथील प्राध्यापकमंडळींना संतोष वाटावा!

१० एप्रिल १८९६ रोजी ती शर्यत झाली. सतरा जण धावले. तेरा ग्रीक आणि चार परके. परक्यांपैकी फ्रान्सचा लेर्म्युझियो प्रथमपासून सुसाट सुटला. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक याने तर त्याच सामन्यांत दोन शर्यती जिंकल्या होत्या. परंतु या रस्त्याचा एक स्वभाव आहे. पहिले दहा किलोमीटर तो समुद्राकाठच्या सपाटीवरून नेतो आणि माणसाला फसवतो. मग चढू लागतो, आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढेपर्यंत कमीअधिक चढतच राहतो. ज्याने सपाटीवर उधळपट्टी केली त्याला चढावर कर्ज फेडावे लागते. लेर्म्युझियो चढाने संपवला. फ्लॅक शहर डोळ्यांच्या टप्प्यात आले असता कोसळला. पुढे आला तो मारूसी गावचा स्पिरिदोन लुईस. बापाबरोबर अथेन्सला पाणी वाहून नेऊन विकायचे, हा त्याचा धंदा. निवडीच्या शर्यतीत तो पाचवा आला होता! पण रोज भरल्या भांड्यांसह चढउतार करणाऱ्याला पावलाचा हिशेब शिकवावा लागत नाही. संगमरवरी स्टेडियममध्ये तो शिरला तेव्हा ग्रीसचे दोन राजपुत्र आसनांवरून उठून त्याच्याबरोबर धावले. वेळ लागला २ तास, ५८ मिनिटे, ५० सेकंद. राजाने काय हवे ते माग म्हटल्यावर त्याने पाणी वाहायला घोडा आणि गाडी मागितली, असे सांगतात. पुन्हा तो कधी शर्यतीत उतरला नाही. गावी राहिला, शेती केली, १९४० साली वारला. आजही ग्रीक भाषेत कोणी झटकन पसार झाला तर ‘तो लुईस झाला’ असे म्हणतात.

त्याच शर्यतीत तिसरा आलेला बेलोकास काही अंतर घोडागाडीत बसून आला होता असे उघड झाले, आणि त्याचा क्रमांक काढून हंगेरीच्या केलनरला देण्यात आला. म्हणजे लबाडीही पहिल्या दिवसापासूनच आहे!

पण मला अधिक सांगायचे आहे ते स्तामाता रेविथी या बाईबद्दल. गरीब बाई, एक मूल दगावलेले, दुसरे अंगावरचे. तिने शर्यतीत नाव मागितले. ते नाकारले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅरेथॉन गावच्या कारभाऱ्यांकडून निघाल्याच्या वेळेवर सह्या घेऊन ती एकटीच निघाली आणि सुमारे साडेपाच तासांत अथेन्सला पोहोचली. स्टेडियमचे दार तिच्यासाठी उघडले नाही. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची मॅरेथॉन सुरू झाली ती १९८४ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षे त्या बाईचा अर्ज जणू टेबलावर पडून होता!

आपला या शर्यतीशी संबंध आला तो १९२० साली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यांतली मुले अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातून अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठवण्याची खटपट झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. जिंकले नाहीत, पण पोहोचले. अंतर आज सर्वत्र ४२.१९५ किलोमीटर आहे. ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ साली कायम झाले.

आता जुन्या प्रश्नाकडे वळू. मदत मागायला धावलेला जो जासूद, त्याचा वंश पुढे चालला की नाही?

चालला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातील अथेन्समध्ये भयंकर दुष्काळ पडला. रस्त्यात माणसे भुकेने पडून मरत. त्या काळातून जो जगला, त्यांत स्टिलियानोस किरियाकिडीस हा एक धावणारा होता. जन्माने सायप्रसचा, अथेन्सला विजेच्या कंपनीत नोकरीला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो अकरावा आला होता. महायुद्ध संपले तरी ग्रीसमध्ये यादवी पेटत होती आणि खायला नव्हते. १९४६ साली हा गृहस्थ अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनला गेला. इतका हडकुळा की, त्याला धावू द्यावे की नाही याचाच तेथील डॉक्टरांना विचार पडला म्हणतात. तो धावला आणि पहिला आला, २ तास २९ मिनिटे २७ सेकंदांत. जिंकल्यावर त्याने पेला घेऊन घर गाठले नाही. अमेरिकेत राहून आपल्या देशासाठी अन्न, औषधे, कपडे मागत हिंडला. जहाजे भरून मदत ग्रीसला आली. तो परतला तेव्हा अथेन्सचे लोक लाखांनी रस्त्यावर आले, आणि युद्धात अंधारलेल्या अ‍ॅक्रोपोलिसवर त्याच्यासाठी दिवे लागले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा जासूद नकार घेऊन आला होता. हा होकार घेऊन आला. परंतु काम एकच.

दुसरा ग्रिगोरिस लाम्ब्राकिस. हा जन्मला तेगेआजवळच्या केरासित्सा गावी, म्हणजे ज्या डोंगरावर जासुदाला हाक ऐकू आली त्याच्या पलीकडच्या पठारावर. लांब उडीतला त्याचा राष्ट्रीय विक्रम तेवीस वर्षे टिकला. धंद्याने डॉक्टर, गरिबांना फुकट तपासणारा. दुष्काळाच्या दिवसांत खेळाडूंना जमवून त्याने सामने भरवले आणि त्यांच्या उत्पन्नातून भुकेल्यांना जेवण घातले. पुढे तो संसदेत निवडून आला आणि अण्वस्त्रांविरुद्ध शांततेच्या चळवळीत पडला. २१ एप्रिल १९६३ रोजी मॅरेथॉन ते अथेन्स अशी शांतियात्रा निघायची होती. सरकारने बंदी घातली. पोलिसांनी शेकडो लोकांना वाटेतच पकडले. संसदसदस्याला पकडण्याची कायद्याने सोय नव्हती. म्हणून त्या १९२ वीरांच्या समाधीच्या टेकाडापासून हातात फलक घेऊन लाम्ब्राकिस एकटाच चालू लागला. शेवटी त्यालाही पोलिसांनी धरलेच. महिनाभराने, २२ मे रोजी, थेसालोनिकी शहरात सभेहून बाहेर पडताच त्याच्या डोक्यावर प्रहार झाला, आणि २७ मे रोजी तो वारला. पुढच्या वर्षी, १९६४ साली, त्याच रस्त्याने प्रचंड जनसमुदाय चालत गेला. लोक भिंतींवर एकच ग्रीक अक्षर लिहीत, त्याचा अर्थ ‘तो जिवंत आहे’. अथेन्सची आजची मॅरेथॉन त्याच्या स्मृतीला वाहिलेली आहे.

कोणी म्हणेल, हाही शेवटी मेलाच ना? मेला खरा, पण मरण्यासाठी तो निघाला नव्हता. तो अथेन्सला पोहोचण्यासाठी निघाला होता. मरण दुसऱ्यांनी त्याच्यावर लादले. या दोहोंतला भेद आपण विसरलो, म्हणजे हुतात्म्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या तेवढ्या थाटाने होतात आणि त्यांनी हाती घेतलेले काम वाटेवर पडून राहते.

मूळ जासुदाची धावही अखेर लोकांनी शोधून काढली. हिरोडोटस खरे सांगतो की नाही, माणसाला दोन दिवसांत स्पार्टा गाठता येते काय, हे पाहण्यासाठी १९८२ च्या ऑक्टोबरात जॉन फोडेन हा ब्रिटिश हवाई दलाचा अधिकारी चार सोबत्यांसह अथेन्सहून धावत निघाला. तिघे पोहोचले, तेही चाळीस तासांच्या आत. पुढच्या वर्षापासून २४६ किलोमीटरांची ही शर्यत दरवर्षी होते. मुदत छत्तीस तासांची. पहाटे अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी निघायचे, दिवसभर समुद्राच्या काठाने ऊन खात कॉरिंथ गाठायचे, आणि रात्रीच्या अंधारात पार्थेनियनची दगडधोंड्यांची चढण चढायची. यानिस कुरोस याने १९८४ साली हे अंतर २० तास २५ मिनिटांत तोडले; तो विक्रम २०२३ साली फोतिस झिसिमोपुलोस याने मोडला, वीस तासांच्या आत येऊन. पुष्कळांना ही शर्यत पूर्ण करता येत नाही. ज्यांना येते त्यांनी स्पार्टात लिओनिडस राजाच्या पुतळ्याच्या पायाला हात लावायचा, की झाले. मग त्यांना एव्रोटास नदीचे पाणी पाजतात आणि ऑलिव्हच्या पानांची माळ घालतात. पहिला असो की शेवटचा, पाणी तेच आणि माळ तीच.

मंडळी, त्या दिवटीच्या शर्यतीचा नियम सांगून मी पुरे करतो. अथेन्सच्या त्या शर्यतींत नुसते आधी पोहोचून भागत नसे. दिवटी पेटती ठेवून पोहोचावे लागे. वेगाच्या हव्यासात ती विझली तर धाव फुकट गेली. ज्यांनी तो जासूद डोळ्यांनी पाहिला होता, त्याचे काम ओळखले होते, त्या लोकांनी त्याच्या आठवणीसाठी हा नियम असलेला खेळ निवडला. मरणाचे नाटक त्यांनी निवडले नाही. आपल्या गावातही सकाळी ओझे घेऊन चढ चढणारे, सभेचा निरोप दारोदार पोहोचवणारे, सरकारदरबारी खेटे घालून नकार ऐकून परत येणारे आणि पुन्हा जाणारे लोक आहेत. त्यांचे पुतळे होणार नाहीत. परंतु ते कोसळायच्या आत, हातातली दिवटी घेऊन जाताना, त्यांना कोणी हाक मारली तर ती मात्र त्यांना ऐकू जाईल.